गावचे थिएटर

श्रोतेहो, आपल्या तालुक्याच्या गावी एखादे जुने सिनेमा थिएटर असेलच. कदाचित ते बंद पडले असेल. दर्शनी भिंतीवरचा रंग उडालेला, तिकिटाच्या खिडकीला फळी ठोकलेली आणि ज्या चौकटीत नव्या चित्रपटाचे पोस्टर झळकायचे तिथे आता कोचिंग क्लासची जाहिरात. आपण त्या रस्त्याने रोज जातो. पण हे थिएटर कोणी बांधले, कधी बांधले, तिथे पहिला खेळ कोणता लागला, असे कोणी विचारले तर सांगता येत नाही. देवळाची बखर असते, किल्ल्याची असते, शाळेचा सुवर्णमहोत्सवी अंक निघतो. थिएटरची मात्र कोणी नोंद ठेवत नाही. आज तिच्याविषयीच चार शब्द बोलायचे आहेत.

मी तळोज्याचा. आज तळोजे म्हटले की लोकांना औद्योगिक वसाहत आठवते, तुरुंग आठवतो, नाहीतर 2023 च्या नोव्हेंबरात बेलापूरपासून पेंधरपर्यंत सुरू झालेली मेट्रो आठवते. माझ्या लहानपणी सभोवार भाताची खाचरे होती आणि सिनेमा पाहायचा म्हणजे पनवेल गाठायचे, हा नियम होता. आमच्या आळीत एक गृहस्थ राहत. पनवेलच्या एका थिएटरात ते मशीन चालवीत. सारी आळी त्यांना ऑपरेटरकाका म्हणे. संध्याकाळी दिवा-पनवेल गाडीने ते जात आणि शेवटचा खेळ संपला की मध्यरात्रीनंतर सायकल मारीत परत येत. सिनेमाचा इतिहास मी पुढे पुस्तकांत वाचला. पण त्याची गोडी लागली ती काकांच्या ओट्यावर.

काका सांगत, "अरे, आधी थिएटर नव्हतं. आधी तंबू होता." आणि ते अगदी खरे आहे. 7 जुलै 1896 रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे प्रथम दाखविली गेली. तिकीट होते एक रुपया. त्या काळचा एक रुपया म्हणजे मजुराची कित्येक दिवसांची कमाई, तेव्हा हा खेळ साहेबलोकांचा आणि धनिकांचाच राहिला. तो सामान्य माणसापर्यंत नेला तंबूवाल्यांनी. त्यांच्यात अब्दुलअली युसुफअली हे नाव मोठे. हे सुरतेचे. 1901 पासून सुमारे बारा-तेरा वर्षे ते तंबू घेऊन ब्रह्मदेश, सिंगापूर आणि हिंदुस्थानभर हिंडले. त्यांच्या तंबूत हजारभर माणूस बसे. पुढे अर्देशीर इराणी यांच्याबरोबर भागीदारी करून ते मुंबईत थिएटरच्या धंद्यात स्थिरावले. 14 मार्च 1931 रोजी हिंदुस्थानातला पहिला बोलपट 'आलम आरा' याच भागीदारांच्या मॅजेस्टिक थिएटरात लागला. तंबूपासून टॉकीजपर्यंतचा सारा प्रवास असा एकाच माणसाच्या आयुष्यात पाहायला मिळतो.

दादासाहेब फाळके यांचे नाव तर आपल्या शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे. त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये लागला. मुंबईत तो चालला, पण मुंबईबाहेर? असे सांगतात की सुरतेला पहिल्या दिवशी गल्ला जमला तो अवघा तीन रुपयांचा. लोकांचा हिशेब सरळ होता. नाटक सहा तास चालते, हे चित्र तासा-दीड तासात संपते, मग पैसे कशाला द्यायचे? तेव्हा फाळक्यांनी जाहिरात बदलली. सत्तावन्न हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र, आणि दर फक्त तीन आणे! मग गर्दी उसळली. गावच्या माणसाला काय पटते, हे फाळक्यांना असे अनुभवाने शिकावे लागले.

आपल्या कोकणात तंबूचा हंगाम ठरलेला असे. भात कापून झाले, खाचरे मोकळी झाली की तंबूवाले यायचे. मिरगाच्या आधी गाशा गुंडाळायचे. देशावर हा धंदा जत्रांना धरून चाले. साताऱ्याकडच्या पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत तंबू थिएटरे अगदी अलीकडेपर्यंत लागत असत. लॉरीवर जनित्र, मध्ये पडदा, खाली माती किंवा ताडपत्री. पडद्याच्या मागच्या बाजूला बसणाऱ्याला सारे उलटे दिसे, नायक डाव्या हाताने तलवार चालवी. पण तिकीट कमी, तेव्हा तक्रार कोण करणार? महाराष्ट्रातल्या अशाच फिरत्या थिएटरांवर केलेला 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट 2016 साली फ्रान्समधल्या कान महोत्सवात दाखविला गेला आणि तिथे त्याचा गौरव झाला. आपण ज्याला जत्रेतली करमणूक म्हणून सोडून दिले, ते पाहायला परदेशचे जाणकार जमले.

मग कायमची थिएटरे कशी उभी राहिली? एक कारण पाऊस. चार महिने धंदा बंद ठेवणे परवडेना, म्हणून तालुक्याच्या गावी कोणा व्यापाऱ्याने पत्र्याची शेड उभारली. (श्रावणसरी पत्र्यावर कोसळू लागल्या की नायिकेचे रडणे ऐकू येत नसे, ते वेगळे!) दुसरे कारण बोलपट. 1932 साली प्रभात कंपनीचा 'अयोध्येचा राजा' आला आणि पडद्यावरची माणसे मराठी बोलू लागली. 1936 चा 'संत तुकाराम' पाहायला गेलेली माणसे वहाणा बाहेर काढून आत बसत, असे जुने लोक सांगतात. ज्याला अक्षर वाचता येत नव्हते त्याच्यासाठी मूकपटातल्या पाट्या कोणीतरी मोठ्याने वाचाव्या लागत. बोलपटाने ती अडचण दूर केली आणि खेड्यातला प्रेक्षक हक्काचा झाला.

तिसरी गोष्ट कायद्याची. 1923 साली मुंबई इलाख्यात करमणूक कर आला. 1953 साली मुंबई राज्याचा सिनेमा नियमनाचा कायदा आला. परवाना, आगीचा बंदोबस्त, बाहेरच्या बाजूला उघडणारी दारे, वाळूच्या बादल्या, मशीनची वेगळी खोली अशा अटींना मालक कुरकुरत. पण त्या अटींमागे माणसांची राख आहे. 4 मे 1897 रोजी पॅरिसमध्ये एका धर्मादाय बाजारात सिनेमा दाखविताना आग लागली आणि सव्वाशेच्या वर माणसे मेली. शंभर वर्षांनी, 13 जून 1997 रोजी, दिल्लीच्या उपहार थिएटरात 59 माणसे गुदमरली. बाहेर पडण्याची वाट मोकळी नव्हती. तेव्हा शिक्षकहो, मुलांना कुठल्याही सभागृहात नेलेत तर आधी बाहेर पडायचे दार कुठे आहे ते दाखवा.

आता त्या मशीनच्या खोलीत जरा डोकावू. काकांनी मला एकदा आत नेले होते. दोन यंत्रे शेजारी शेजारी. प्रत्येकाच्या पोटात दोन कार्बनच्या कांड्या, एकमेकींसमोर धरलेल्या. वीज सोडली की दोन टोकांमध्ये असा लखलखाट होई की काळ्या काचेतूनच पाहावे लागे. कांड्या जळत जात, तसतसे त्या सरकवाव्या लागत. हात चुकला की पडद्यावर अंधार आणि खाली शिट्ट्या. सेकंदाला चोवीस चित्रे, मिनिटाला नव्वद फूट फिल्म. म्हणजे चौदा हजार फुटांचा चित्रपट दोन तास पस्तीस मिनिटांचा होतो. गणिताच्या तासाला उदाहरण म्हणून घालायला हरकत नाही. दोन हजार फुटांचे रीळ बावीस मिनिटांत संपे. संपत आले की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वरच्या बाजूला एक ठिपका क्षणभर चमके. तो दिसला की दुसरे यंत्र सुरू करायचे. थोड्या सेकंदांनी दुसरा ठिपका, त्यासरशी उजेड बदलायचा. काका म्हणाले, "खाली आठशे माणसं बसलीत. एकालाही कळता कामा नये, मी इथं आहे म्हणून." त्या दिवसापासून मी कुठलाही जुना चित्रपट पाहायला बसलो की तो ठिपका शोधतो.

1991 साली 'माहेरची साडी' आला, तेव्हा आम्ही सारे घरदार पनवेलला गेलो होतो. माझी आजी बाकावर पाय वर घेऊन बसली होती. एका बाजूला आगरी बायका, दुसऱ्या बाजूला बाजारपेठेतल्या शेटाण्या, मागे आमच्या तळोज्याच्या मुसलमान मोहल्ल्यातल्या दोघी-तिघी. सगळ्यांचे पदर एकदमच डोळ्यांना लागले. थिएटरात भेद होता तो पैशाचा. पुढचा बाक, मागची खुर्ची, वरची बाल्कनी. मात्र जात विचारून जागा मिळत नसे. पंगत ज्यांची एक होत नव्हती त्यांची अश्रूंची पंगत तिथे एक झाली. मी थिएटरची भलावण करतो आहे असे समजू नका. तिथे ढेकूण होते, काळाबाजार होता, आणि एकट्या बाईने जाण्याची सोय फारशी नव्हती. तरीही गावातल्या साऱ्या माणसांनी एका छपराखाली, एका वेळी, एकच गोष्ट पाहावी अशी दुसरी जागा कितीशी होती?

थिएटर बंद का पडले, याचे उत्तर "टीव्ही आला" एवढ्यावर आपण मोकळे होतो. टीव्ही तर मुंबईत 1972 सालीच आला होता. 1987 मध्ये रविवारी सकाळी 'रामायण' सुरू झाले आणि रस्ते ओस पडले, तेव्हा सकाळच्या खेळाला पहिला धक्का बसला. मग भाड्याचा व्हिडिओ, मग केबल. पुढे 2001 च्या सुमारास शहरांत मल्टिप्लेक्स उभारणाऱ्यांना शासनाने करमणूक करात पहिल्या काही वर्षांची सवलत दिली; जुन्या एकपडदावाल्यांना तशी मिळाली नाही. फिल्मची रिळे जाऊन उपग्रहावरून चित्र येऊ लागले, त्याने आधी गावाचा फायदाच झाला. पूर्वी प्रत मुंबई-पुणे फिरून, ओरखडे पडून, महिन्यांनी गावात यायची. आता पहिल्याच शुक्रवारी नवा चित्रपट लागू लागला. पण नव्या यंत्राचा खर्च, पडक्या खुर्च्या, जमिनीला आलेला भाव यांचा मेळ बसेना. शेवटी 2020 च्या मार्चमध्ये करोनामुळे दारे बंद झाली. मध्ये काही महिने निम्म्या आसनांवर खेळ झाले, ते पुन्हा थांबले. 22 ऑक्टोबर 2021 ला परवानगी मिळाली तेव्हा कित्येक थिएटरांची कुलुपे निघालीच नाहीत.

आणि इथे मला माझी एक चूक सांगायची आहे. फिल्म गेली तसे काकांचे कामही गेले. त्यांच्याजवळ एक पत्र्याची ट्रंक होती. तिकिटांची पुस्तके, हाताने लिहिलेली खेळांची वही, पोस्टरे, फिल्मचे तुकडे. ते मला म्हणत, "प्रोफेसर, बसू एकदा. सगळं सांगतो, लिहून घे." मी इतिहासात रस असलेला माणूस, वर्गात मुलांना साधनांचे महत्त्व शिकविणारा, आणि दर वेळी म्हणत राहिलो, "परीक्षा संपू दे काका, दिवाळीत बसू." 2021 च्या उन्हाळ्यात काका गेले. दहा-पंधरा दिवसांनी भेटायला गेलो, तेव्हा काकू म्हणाल्या, "भंगारवाला आला होता रे. ट्रंक त्याला दिली. वह्या कुणाच्या कामाच्या?" त्यांना मी काय बोलणार? त्या वह्या कामाच्या आहेत, हे त्यांना सांगायला मीच कधी बसलो नव्हतो.

श्रोतेहो, हे माझ्या एकट्याचे झाले असते तर सांगितले नसते. 'राजा हरिश्चंद्र' या आपल्या पहिल्या चित्रपटाचासुद्धा काही भागच आज शिल्लक आहे. 1964 साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, तोवर मूकपटांपैकी बहुतेक नाहीसे झाले होते. मोठमोठ्या चित्रांची ही गत, तर तालुक्याच्या थिएटरच्या वहीचे काय?

म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे. या वर्षी एखादा प्रकल्प हाच घ्या. मुलांना गावातल्या वडीलधाऱ्यांकडे पाठवा. थिएटर कोणत्या जागेवर आहे आणि तिथे आधी काय होते? तिकीट किती होते? बायका कुठे बसत? कोणता खेळ सर्वांत जास्त दिवस चालला? आणि मशीन कोण चालवी, पोस्टर कोण रंगवी, तांगा-रिक्षातून भोंग्यावर जाहिरात कोण करी? मालकाचे नाव कागदोपत्री सापडेल. या शेवटच्या माणसांची नावे फक्त आठवणीत आहेत. उत्तरांबरोबर सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख लिहून ठेवा. कोणाच्या माळ्यावर जुने रीळ सापडले तर एक काळजी घ्या. 1950 च्या आधीची पुष्कळशी फिल्म नायट्रेटची असे. ती भराभर पेटते. तिच्याजवळ काडी किंवा दिवा नेऊ नका, मुलांना हाताळू देऊ नका, आणि पुण्याच्या संग्रहालयाला कळवा.

थिएटर पुन्हा सुरू होईल की नाही हे आपल्या हाती नाही. तिथे मॉल होईल, मंगल कार्यालय होईल. पण वही लिहिणे आपल्या हाती आहे आणि त्याला परवाना लागत नाही. आपल्या आळीतही कोणी ऑपरेटरकाका असतील. त्यांना "दिवाळीत बसू" म्हणू नका. आज संध्याकाळीच त्यांच्या ओट्यावर जा.