हाडाला बांधलेले नाव



बॉइन नदीकाठच्या या ड्रोहेडा गावात आपण मराठीसाठी जमलो आहोत, आणि अध्यक्ष या नात्याने मी विषय निवडला आहे तो पृथ्वीवरून नाहीशा झालेल्या सरीसृपांच्या नावांचा. भाषेच्या मेळाव्यात हाडांचे काय काम, असे कोणी विचारील. पण नाव ठेवणे आणि वर्ग पाडणे हे मुळात भाषेचेच काम आहे, आणि ते किती जपून करावे लागते हे या शास्त्राकडून शिकण्यासारखे आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, प्रत्येक नाव हा एक दावा असतो. ज्या हाडावरून तो केला, त्या हाडाला तो पेलला पाहिजे. पेलत नसेल तर ते नाव कितीही जुने, कितीही लाडके असो, बाजूला ठेवण्याचे धैर्य हवे.

याचा ठळक पुरावा भारतातच आहे. १८२८ मध्ये जबलपूरच्या बडा शिमला टेकडीवर विल्यम स्लीमन यांना अश्मीभूत हाडे सापडली. तिथल्याच शेपटीच्या दोन मणक्यांवरून रिचर्ड लायडेकर यांनी १८७७ मध्ये ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव दिले. भारतात नाव मिळालेला हा पहिला डायनासोर. त्या मणक्याची पुढची बाजू वाटीसारखी खोलगट आहे आणि मागची चेंडूसारखी फुगीर. एका मणक्याचा गोळा मागच्या मणक्याच्या वाटीत बसतो, आपल्या खांद्याच्या उखळीच्या सांध्यासारखा. लायडेकर यांना ही ठेवण या प्राण्याची खास खूण वाटली, आणि त्यांच्या हाती असलेल्या पुराव्यावर तसे वाटणे रास्त होते. पुढे अशा शेपट्या ठिकठिकाणी निघू लागल्या आणि अर्जेंटिना, युरोप, मादागास्कर, भारत, लाओस इथल्या मिळून १४ जाती या एकाच नावाखाली जमा झाल्या. त्यांच्या काळातले अंतर सुमारे सहा कोटी वर्षांचे होते. जी खूण एकाची म्हणून नोंदवली, ती साऱ्या गोतावळ्याची निघाली. २००३ मध्ये जेफ्री विल्सन आणि पॉल अपचर्च यांनी सर्व पुरावा पुन्हा तपासला आणि शोधनिबंधात निष्कर्ष काढला की त्या दोन मणक्यांवरून हा प्राणी इतरांपासून वेगळा ओळखता येत नाही. म्हणून ते नाव वापरातून काढावे.

याच शोधनिबंधाचा दुसरा भाग चंद्रपूर जिल्ह्याशी जोडलेला आहे. वरोऱ्याजवळच्या डोंगरगावात १९८०च्या दशकात भारतीय सांख्यिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी एका अजस्र शाकाहारी डायनासोरचा सांगाडा खणून काढला. सोहनलाल जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी १९९७ मध्ये त्याला ‘टायटॅनोसॉरस कोलबर्टी’ म्हटले. विल्सन आणि अपचर्च यांना हा सांगाडा स्वतंत्र प्रजाती ठरण्याइतका वेगळा दिसला, म्हणून त्यांनी त्याला ‘आयसिसॉरस’ ही नवी प्रजाती दिली. त्यातला ‘आयसि’ म्हणजे त्या संस्थेची इंग्रजी आद्याक्षरे. हजेरीपटावर आधी आडनाव आणि मग नाव येते, तशी इथे आधी प्रजाती येते आणि मग जाती. डोंगरगावच्या प्राण्याचे आडनाव बदलले, पण ‘कोलबर्टी’ हे नाव हाडांबरोबर कायम राहिले.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की, नावे अशी बदलत राहिली तर सामान्य वाचकाने विश्वास कशावर ठेवायचा? आक्षेप प्रामाणिक आहे, पण विश्वास नावावर नसून नमुन्यावर ठेवायचा असतो. नमुना जपलेला असला की चूक सापडते आणि सुधारते. तो हरवला की चूकही कायमची होते. जबलपूरचे ते मणके हरवले असेच मानले जात होते. त्यांतला एक २०१२ मध्ये कोलकात्यात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात पुन्हा सापडला. नाव मागे पडले तरी पुढचा कोणीही अभ्यासक आता तो मणका हाती घेऊन जुना निकाल तपासू शकतो.

संयमाचे उदाहरण आयर्लंड बेटावरच आहे. ड्रोहेडाच्या पायाखालचा चुनखडक डायनासोरांच्या कित्येक कोटी वर्षे आधीचा, त्यामुळे इथे त्यांची हाडे मिळायची नाहीत. पण उत्तरेला अँट्रिम परगण्यात आयलंडमगी इथे रॉजर बर्न या शिक्षकाला दोन हाडे मिळाली. २०२० मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला: एक हाड स्केलिडोसॉरस या चिलखती शाकाहारीचे, दुसरे सार्कोसॉरससारख्या दोन पायांच्या मांसाहारीचे. बेटावरचे पहिले डायनासोर म्हणून एखादे अभिमानाचे आयरिश नाव देण्याचा मोह केवढा असेल! अभ्यासकांनी नवे नाव दिले नाही, कारण दोन हाडांना तेवढाच दावा पेलत होता.

दुसरा आक्षेप आपल्या जिव्हाळ्याचा आहे. चंद्रपूरच्या प्राण्याच्या नावात कोलकात्याची सांख्यिकी संस्था आणि एडविन कोलबर्ट हे अमेरिकन शास्त्रज्ञ आहेत, डोंगरगाव मात्र नाही. ही खंत मलाही आहे. नर्मदेचे नाव ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’मध्ये गेले, मग आपल्या गावाचे का नाही? पण अस्मितेसाठी नाव बदलता येत नाही, आणि येऊही नये. तसे झाले तर उद्या प्रत्येक गावाचा वेगळा डायनासोर होईल. गावाचा मान राखण्याची जागा आपल्या लेखनात आहे. गॅलवे परगण्यात जन्मलेले भूवैज्ञानिक हेन्री मेडलिकॉट यांनी गोंडांच्या मुलखावरून ‘गोंडवन’ हे नाव शास्त्रात आणले, आणि एका प्राचीन महाखंडाची ओळख त्यातून घडली. चंद्रपूर ही गोंड राजांची राजधानी होती, हे मराठी पाठ्यपुस्तकाने त्या नावाशेजारी सांगायला नको का?

तिसरा आक्षेप भाषाप्रेमींचा: या नावांचे मराठीकरण करा. ‘सॉरस’ म्हणजे सरडा, म्हणून प्रत्येक नावात सरडा घालावा असे सुचवले जाते. पण डायनासोर सरडे नव्हते. रिचर्ड ओवेन यांनी १८४२ मध्ये योजलेल्या ‘डायनासोर’ या शब्दातली ती जुनी उपमा भाषांतरात आणली तर ती वस्तुस्थिती वाटू लागेल. मराठीने खरे काम वर्गवाचक शब्दांत करावे. ‘प्रजाती’ कोणी आडनावासाठी वापरतो, कोणी नावासाठी. वर्तमानपत्रांत तर समुद्रात पोहणारा प्लेसिओसॉर आणि आकाशातला टेरोसॉरही सर्रास डायनासोर होतो. डब्लिनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयाचा ऱ्होमेलिओसॉरस हा असाच प्लेसिओसॉर. इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या किनाऱ्यावर तो निघाला आणि ‘क्रॅम्टोनी’ या नावाने डब्लिनच्या शल्यविशारद फिलिप क्रॅम्टन यांची आठवण ठेवून आहे. त्याला डायनासोर म्हणणे म्हणजे देवमाशाला मासा म्हणण्यासारखे आहे.

म्हणून मराठी लेखकांना आणि शिक्षकांना माझी विनंती आहे. असे नाव लिहाल तेव्हा सोबत तीन गोष्टी लिहा: हाड कोणते, ते कोणत्या गावी निघाले, आणि नाव कोणी, कधी दिले. ड्रोहेडातले मराठी मूल ‘आयसिसॉरस’ म्हणेल, तेव्हा त्याच वाक्यात ‘वरोऱ्याजवळचे डोंगरगाव’ही म्हणेल, एवढी तयारी आपल्या भाषेने करून ठेवावी.