मडक्यातला मोह

घरी बिअर करू पाहणाऱ्याला आधी जवाला मोड आणावे लागतात. तेव्हा कुठे पिठाची साखर होते. भामरागडच्या माडिया घरात ही मेहनत झाडानेच केलेली असते. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुलं गळतात, ती मुळातच गोड. वाळवून पाण्यात घातली की फुलांवरचंच यीस्ट कामाला लागतं.

नवख्याची पहिली खेप बिघडते ती बहुधा उशिरामुळे. मडक्यात बुडबुडे येताहेत तोवर ठीक. ते थांबल्यावरही हवा लागत राहिली तर सगळ्याचा शिरका होतो. जाणती बाई वासावरूनच वेळ ओळखते. बिअर इथे थांबते. मोह पुढे चुलीवर चढतो आणि वाफ थंड होऊन थेंबथेंब उतरते. त्यातले पहिले थेंब देवाला, पूर्वजांना.

आणि इथेच पेच आहे. गडचिरोली जिल्ह्यात 1993पासून दारूबंदी आहे. ती नुसती मुंबईहून आलेली नाही. गावोगावच्या बायांनी मोर्चे काढून मागितली. घर बुडवणारी दारू त्यांनी जवळून पाहिली होती. म्हणजे मडक्याची पारख असलेली आणि बंदी मागणारी, दोघी एकाच घरातल्या असू शकतात. शहरात बसून यावर निकाल देणं सोपं आहे, मला ते जमत नाही.

अंगणात चटईवर फुलं वाळत असतात. काही बाजारात जातील, काही उकडून पोरांच्या पोटात. उरलेल्यांचं काय, हे पाहुण्याने विचारू नये.