दोष तबकडीचा की तारेचा?



कामगारसभेत बोलणारा मनुष्य आज यंत्राच्या पोटात शिरणार, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु ज्या कामगाराची तीस वर्षांची हजेरी आणि ग्रॅच्युइटीचा हिशेब लिनक्सच्या सर्व्हरवर ठेविलेला आहे, त्याची भाकरीच त्या डिस्कवर अवलंबून आहे. म्हणून आम्ही हे शास्त्र कॉलेजचे तोंड न पाहता शिकलो.

१९५६ साली आयबीएमने अशी पहिली यंत्रणा आणली, तेव्हा ५० तबकड्यांत मिळून ५० लाख अक्षरे मावत. आज तबकड्या लहान झाल्या, पण व्यवस्था तीच. तबकडी काम करते, केबल निरोप नेते, कंट्रोलर मुकादमी करतो. बिघाड तिघांपैकी कोणाचाही असू शकतो; हाकाटी मात्र एकच, "डिस्क गेली!" माल बिघडला की दोष कामगाराचा, हा न्याय आमच्या चांगल्या परिचयाचा आहे.

आम्ही म्हणतो, आधी चौकशी करा. 'डीमेसेज' या आज्ञेने कर्नलची रोजनिशी दिसते. 'स्मार्टसीटीएल' डिस्कचीच जबानी घेते. त्या जबानीत क्रमांक ५ आणि १९७ चे आकडे वाढत असतील, तर तबकडी झिजत आहे. क्रमांक १९९ चा आकडा वाढत असेल, तर दोष बहुधा केबलचा. अनेक डिस्क एकदम आजारी पडल्या, तर कंट्रोलर आणि वीजपुरवठा तपासावा.

तथापि निर्दोष जबानीवर विसंबू नये. गूगलच्या संशोधकांनी २००७ साली लाखाहून अधिक डिस्कची पाहणी प्रसिद्ध केली. निकामी झालेल्यांपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी चार प्रमुख लक्षणांपैकी एकही दाखविले नव्हते. म्हणून नक्कल नेहमी वेगळ्या जागी हवी. डिस्क मरणपंथाला लागली असेल, तर 'एफएससीके'ने डागडुजी करीत बसू नये. प्रथम 'डीडीरेस्क्यू'ने नक्कल काढावी.

एका कारखान्यात "डिस्क गेली, नोंदी गेल्या" असे सांगून काही कामगारांची ग्रॅच्युइटी अडविली गेली. आम्ही ती डिस्क दुसऱ्या केबलला जोडून पाहण्याचा आग्रह धरला. नोंदी जशाच्या तशा निघाल्या, आणि पैसेही मिळाले. आपल्या पतपेढीत, शाळेत, ग्रंथालयात कोणी "डिस्क गेली" म्हणेल, तेव्हा एवढेच विचारा: केबल बदलून पाहिलीत काय?