दुपारची वीज, संध्याकाळची गरज



विजेच्या तारांमध्ये वीज साठून राहत नाही. निर्मिती आणि मागणी यांचा तोल क्षणोक्षणी राखावा लागतो. तो ढळला की ५० हर्ट्झची वारंवारता डळमळते. सौरऊर्जेची खरी अडचण इथेच आहे. दुपारी ती गरजेहून अधिक होऊ शकते आणि सायंकाळी घरोघरी दिवे लागतात, तेव्हा सूर्य मावळलेला असतो. साठवण नसेल, तर दुपारची वीज सोडून द्यायची आणि रात्री कोळसा जाळायचा, एवढेच हाती उरते. भिलाईच्या झोतभट्ट्या काही सूर्यास्ताबरोबर विझत नाहीत.

शेजारच्या राजनांदगाव जिल्ह्यात २०२४ मध्ये १०० मेगावॉटच्या सौर प्रकल्पासोबत ४० मेगावॉटची, १२० मेगावॉट-तास वीज साठवणारी बॅटरी कार्यान्वित झाली. पूर्ण क्षमतेने ती तीन तास चालते. एवढ्यात संध्याकाळ निभावते, श्रावणातला ढगाळ आठवडा नव्हे. शिवाय साठवताना काही वीज खर्ची पडते आणि बॅटरीही वर्षागणिक थकते.

म्हणून जे काम दुपारी उरकता येईल, ते दुपारीच उरकणे ही सर्वांत स्वस्त साठवण होय. भातपिकाच्या या प्रदेशाला हे नवे नाही: नुसते पीक येऊन भागत नाही, कणगीही लागते.