रविवारची सिंहगडवारी
(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दहा मिनिटं दिली आहेत. मी सोसायटीच्या हिशोबांवर बोलेन अशी सेक्रेटरींची समजूत आहे. जन्मभर बँकेत आकडे जुळवले, तेव्हा त्यांचंही चुकलं नाही. पण खजिनदार असताना दर वार्षिक सभेत मी ते बोललो आहे, आणि तुम्ही किती लक्ष देऊन ऐकत होतात तेही मला ठाऊक आहे. म्हणून आज सिंहगडाबद्दल बोलतो.

आपण राहायला आलो तेव्हा लिफ्ट बसायची होती. गच्चीवर गेलं की गडावरचा दूरदर्शनचा मनोरा स्वच्छ दिसायचा. आता मध्ये उंच इमारती आल्या. त्या मनोऱ्याकडे बघत एका संध्याकाळी आमचं ठरलं, दर रविवारी गडावर जायचं. ठरवणारे सहा होते, टिकले दोघं. एक मी, आणि दुसरे बरोबर माझ्या खालच्या फ्लॅटमधले आपले मास्तर.

पहाटे पाचला गेटवर भेटायचं. मास्तरांची स्कूटर, मागे मी. खडकवासल्याचं पाणी दिसायच्या आधी त्याचा गारवा लागायचा. आतकरवाडीत गाडी लावली की बॅटरीच्या उजेडात चढ सुरू. गड समुद्रसपाटीपासून सुमारे 1300 मीटर. तरुण मुलं पाऊण तासात वर जातात, आम्हाला दीड तास लागायचा. सुरुवातीला झाडी, मग उघडा चढ. उजाडायला लागलं की बुलबुल बोलायचे. मागे वळून बघावं तर खाली धरणाचं पाणी आधी राखाडी, मग हळूहळू चकचकीत. वाटेत गावातल्या मावश्या डोक्यावर दह्याची मडकी घेऊन आम्हाला मागे टाकून जायच्या. आम्ही रिकाम्या हातांनी धापा टाकतोय आणि त्या आपसात गप्पा मारत चालल्यात!

पुणे दरवाजातून आत गेलं की मास्तरांचा तास सुरू व्हायचा. 4 फेब्रुवारी 1670, तानाजी मालुसरे, कोंढाणा. मग राजाराम महाराजांची समाधी, सन 1700. दर रविवारी तेच, पण तानाजीच्या स्मारकापाशी त्यांचा आवाज दर रविवारी तसाच जड व्हायचा. शेवटी पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही.

आता जी गोष्ट सांगतो, ती जुन्या सभासदांना अर्धीच ठाऊक आहे. माझ्या बाथरूममधून मास्तरांच्या छतात पाणी झिरपायला लागलं. ते सांगायला वर आले. मी काय म्हणालो असेन? "लेखी अर्ज द्या." तीस वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं. मास्तर काही न बोलता खाली गेले आणि दुसऱ्या दिवशी खरंच अर्ज आला. प्रत कमिटीला. मीही चिडून लेखी उत्तर दिलं, की गळती कॉमन पाइपची आहे. ती नव्हती, हे मला तेव्हाच माहीत होतं. आठ महिने आम्ही बोललो नाही. जिन्यात समोरासमोर आलो की दोघंही भिंतीचा रंग बघायचो.

गडावर मात्र दोघंही जात होतो. ते स्कूटरवर, मी बसने. एका रविवारी निम्म्या चढावर मला दम लागला, डोळ्यांपुढे अंधारी आली. खडकावर बसलो. खालून मास्तर आले. मला वाटलं, पुढे जातील. ते शेजारी बसले, खिशातून आलेपाकाची वडी काढली, अर्धी मोडून माझ्या हातावर ठेवली. म्हणाले, "बसा निवांत. गड कुठं पळून जात नाही." मग बराच वेळ कोणीच बोललं नाही. वारा होता आणि खाली पाणी. मी म्हणालो, "मास्तर, पाइप माझाच आहे." ते म्हणाले, "माहितीय. चला." सोमवारी प्लंबर बोलावला. एवढंच काम होतं, मंडळी. साडेतीन तासांचं. त्यासाठी मी आठ महिने घालवले.

मास्तरांना जाऊन दोन वर्षं झाली. वहिनी इथे पहिल्या रांगेत बसल्या आहेत. त्यानंतर मी गडावर गेलोच नव्हतो. गुडघ्यांचं कारण सगळ्यांना सांगत होतो, तेही पूर्ण खरं नव्हतं. गेल्या महिन्यात मास्तरांचा नातू दार वाजवून म्हणाला, "आजोबा, रविवारी येता?" गेलो. त्याच खडकापर्यंत पोचलो, पुढे पाय चालेनात. त्याला म्हटलं, तू जाऊन ये. तासाभराने पोरगा उड्या मारत खाली आला. मडकं दहीवाल्या मावशींना परत द्यावं लागतं, म्हणून दही डब्यात घालून आणलं होतं. मी ते तिथेच बसून खाल्लं. अर्ध्या वाटेवरून गड किती छान दिसतो, हे पंचाहत्तराव्या वर्षी कळलं.

तेव्हा येत्या रविवारी पहाटे पाच वाजता गेटवर जमायचं आहे. वर जाणारे वर जातील, खडकावर बसणारे माझ्यासोबत बसतील. आलेपाक मी आणतो. आणि कोणाच्या छतातून पाणी गळत असेल, तर त्यांनी वरच्या मजल्यावाल्यांना बरोबर घेऊन अवश्य यावं. अर्ज लागणार नाही.