माहूरच्या डोंगरात चार दिवस



आज आम्ही तुम्हाला एका सहलीची हकीकत सांगणार आहोत. ही सहल मोटारीत बसून देवदर्शन करून येण्याची नव्हे. पाठीवर ओझे घेऊन डोंगर चढायचा, उघड्यावर रांधायचे आणि राहुटीत झोपायचे, अशी ही सहल. शाळेच्या लेकरांना घेऊन आम्ही चार दिवस माहूरच्या डोंगरात राहिलो. त्यात आनंद झाला. तसाच एका संध्याकाळी जीव टांगणीलाही लागला. दोन्ही गोष्टी सांगू. चूक झाली तीही सांगू. ती आमचीच होती.

आमचे गाव लातूर जिल्ह्यातले. काळी जमीन, सोयाबीन आणि तूर. आमच्या पोरांना डोंगर म्हणजे पुस्तकातले चित्र. म्हणून आम्ही हा बेत काढला.

बेत गावात सांगितला, तेव्हा लोक म्हणाले, "गुरुजी, लेकरं रानात कशापायी न्यायची? साप हाय, अस्वल हाय. शाळेत शिकवा की!" बोलण्यात काळजी होती. त्यांचे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेले नाही. आम्ही पालकांची सभा घेतली. बरोबर चार शिक्षक येणार, त्यांत दोन बाई शिक्षिका; जंगल खात्याची परवानगी घेतली आहे; मुक्काम डोंगराच्या पायथ्याला, वाडीजवळच्या एका शाळेच्या आवारात आहे; हे सारे सांगितले. मग संमतीपत्रे वाटली.

बत्तीस संमतीपत्रे परत आली. अठरा मुलांची, चौदा मुलींची. त्यांतल्या काहींवर अंगठे होते. एक अंगठा सखूच्या बापाचा. (नाव आम्ही बदलले आहे.) तो माणूस संकोचाने म्हणाला, "गुरुजी, कागदात काय लिवलंय मला ठाव न्हाई. पोरगी म्हणली म्हणून अंगठा दिला. तिला नीट आणा म्हंजे झालं."

हे बोलणे आमच्या मनात राहिले. त्याचे पुढे काय झाले ते शेवटी सांगू.

निघण्यापूर्वी महिनाभर तयारी केली. सरावासाठी औसा तालुक्यातील खरोशाची टेकडी चढून आलो. तेथे खडकात कोरलेली लेणी आहेत. मुलांचे आठ-आठांचे चार गट केले. प्रत्येक गटाला एक नाईक, एक पाणक्या, एक रांधणारा आणि एक लिहिणारा. लिहिणाऱ्याने वाटेतल्या खुणा वहीत लिहायच्या. गट पाडण्याची ही रीत जुनी आहे. १९०७ साली इंग्लंडात बेडन-पॉवेल यांनी ब्राउनसी नावाच्या बेटावर वीसेक मुलांची छावणी भरवली, तेव्हाही लहान लहान गटच पाडले होते. त्यातूनच बालवीर चळवळ वाढली. लहान गटात प्रत्येकाला काम मिळते आणि कोण नाही ते लगेच कळते.

प्रत्येकाजवळ एक घोंगडी किंवा चादर, पाण्याची बाटली, विजेरी आणि गळ्यात एक शिट्टी. शिदोरीला दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी. खिशात गूळ-शेंगदाणे.

कार्तिक सरत आला होता. पाऊस संपलेला, ओढ्यांना अजून पाणी, थंडी बेताची. डोंगरात जायला हा काळ चांगला. आम्ही एस.टी.ने नांदेडला गेलो आणि तेथून माहूरला.

माहूर हे नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला आहे. पलीकडे यवतमाळ जिल्हा. मधून पैनगंगा वाहते. तीन डोंगर आहेत. एकावर रेणुकामाता, दुसऱ्यावर दत्तशिखर, तिसऱ्यावर अनसूयामाता. शेजारी माहूरगड. जवळच पांडवलेणी आहेत. रानात साग, मोह, टेंभुर्णी, पळस. वाड्यांतून गोंड, आंध, कोलाम लोक राहतात आणि तांड्यांवर बंजारा लोक. सागाचे पान पाहून एक पोरगा म्हणाला, "गुरुजी, हे तर पत्रावळीएवढं हाय!"

पहिल्या रात्री आम्ही चार नियम सांगितले. एक, गट सोडायचा नाही. दोन, वाट फुटते तेथे सगळ्यांनी थांबायचे आणि मोजणी करायची. तीन, चुकलोच तर पळायचे नाही. आहे त्या जागी, मोठ्या झाडाखाली बसायचे आणि थांबून थांबून तीन-तीन शिट्ट्या वाजवायच्या. चार, साप चावला तर मंत्र नको, चिरणे नको, करकचून बांधणे नको. त्या माणसाला चालू न देता उचलून दवाखान्यात न्यायचे. हे नियम पोरांकडून पाठ म्हणून घेतले.

दुसऱ्या दिवशी रेणुकामातेचे दर्शन घेतले आणि गड पाहिला. हत्ती दरवाजा पाहून मुले थक्क झाली. गडावरून पैनगंगा दाखवली. ही नदी बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगरात उगवते. पुढे वर्धेला मिळते. वर्धेचे पाणी प्राणहितेतून गोदावरीला जाते. आपली मांजरा बीड जिल्ह्यात बालाघाटात उगवते, तीही गोदावरीलाच मिळते. म्हणजे दोघी एकाच घरच्या सुना!

पाणी म्हटले की लातूरचे लेकरू कान टवकारते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले होते. एका मुलीने विचारले, "गुरुजी, इथं ओढ्याला अजून पाणी कसं?" आम्ही तिला झाडाखालचा पालापाचोळा उकरायला लावला. खालची माती ओली लागली. आम्ही म्हणालो, "झाडाची मुळे माती धरतात. पाचोळा पाणी अडवतो. ते जमिनीत मुरते आणि हळूहळू ओढ्याला झिरपते. उघड्या माळावरचा पाऊस तसाच वाहून जातो." पाटीवर दहा वेळा लिहून जे कळत नाही, ते मूठभर मातीने कळले.

रात्री शेकोटीभोवती आम्ही माहूरचीच एक गोष्ट सांगितली. शिवाजी महाराजांच्या काळात माहूरला एक शूर देशमुखीण होऊन गेली. तिला रायबाघन म्हणत. ती मोगलांच्या बाजूने लढे. १६६१ साली मोगल सरदार कारतलबखान मोठी फौज घेऊन कोकणात उतरू लागला. रायबाघन त्या फौजेत होती. खानाला त्या रानाची ओळख नव्हती. उंबरखिंडीच्या अरुंद वाटेत फौज अडकली. पुढे मराठे, मागे मराठे, वर मराठे. माणसे तहानेने व्याकूळ झाली. तेव्हा रायबाघनने खानाला शरण जाण्याचा सल्ला दिला, आणि त्यामुळे जीव वाचले. गोष्ट संपवून आम्ही म्हणालो, "पोरांनो, डोंगरात ताकद पुरत नाही. वाट जाणणारा माणूस लागतो."

शहाणपण सांगणे सोपे असते. दुसऱ्याच दिवशी आम्ही स्वतः ते विसरलो.

तिसऱ्या दिवशी दत्तशिखर आणि अनसूयामाता असा बेत होता. गाडीरस्ता आहे, पण आम्ही पायवाट धरली. वाडीतले एक वयस्क गृहस्थ वाट दाखवायला आले होते. मुले त्यांना आजोबा म्हणत. दुपारी अनसूयामातेचे दर्शन झाले. आजोबांच्या शेतात कापसाची वेचणी चालू होती. आम्ही म्हणालो, "आजोबा, तुम्ही जा कामाला. आलो त्याच वाटेने उतरायचे आहे. आता वाट कळली."

आजोबा म्हणाले, "गुरुजी, चढताना वाट येगळी दिसती, उतरताना येगळी."

आम्ही हसलो आणि त्यांना निरोप दिला. ही पहिली चूक.

उतरताना रांगेच्या शेवटी आम्ही होतो. मागे कोणी राहू नये हे आमचे काम. पण मुले झाडांची नावे विचारत होती. सांगता सांगता आम्ही रांगेच्या मध्ये आलो. एका ठिकाणी वाट फुटत होती. पुढचे गट बरोबर वाटेने गेले होते. आम्हीही बोलत पुढे गेलो. मोजणी केली नाही. ही दुसरी चूक.

साडेचारच्या सुमारास ओढ्यावर आलो. तेथे मोजले. एकतीस. पुन्हा मोजले. एकतीस.

गणू नव्हता. (हेही नाव बदललेले.) पाचवीतले पोर.

मंडळी, त्या वेळी आमच्या पायातले बळ गेले. सूर्य डोंगराआड चालला होता. मोबाईलला रेंज नव्हती. मोठी मुले म्हणाली, "गुरुजी, आम्ही शोधतो." आम्ही कोणालाही जाऊ दिले नाही. एक हरवला, त्याच्यामागे चार हरवले तर? दोन्ही बाई आणि एक गुरुजी सगळ्या मुलांना घेऊन मुक्कामाकडे जाणार असे ठरले. तरुण गुरुजी आजोबांना आणायला शेताकडे धावले.

तेवढ्यात सखू पुढे आली. ती आपल्या गटाची लिहिणारी होती. तिने वही आमच्या हातात दिली. त्यात ओळीने लिहिले होते: "एक, मोडका बांध. दोन, सीताफळीची झुडपे. येथे गणूने मला सीताफळ दिले. तीन, दोन खोडांचा मोह. येथे वाट फुटते. चार, ओढा."

म्हणजे सीताफळीच्या झुडपांपर्यंत गणू आमच्यात होता. पुढे ओढ्यावर नव्हता. चुकला असेल तो या दोहोंच्या मध्येच. सारा डोंगर धुंडाळायचे कारण उरले नाही.

आजोबा आले. रागाचा एक शब्द बोलले नाहीत. त्यांना वाचता येत नव्हते. आम्ही वहीतल्या खुणा वाचून दाखवल्या. "दोन खोडांचा मोह" म्हणताच ते थांबले. म्हणाले, "तिथनं खालची वाट लाकडं आणायला जाती. पोरगं त्या वाटंला लागलं असंल. चला."

आम्ही विजेऱ्या घेऊन निघालो. मोहापाशी पोचलो तेव्हा अंधार पडू लागला होता. आजोबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केले. कानोसा घेतला. दूर खालून बारीक आवाज आला. तीन शिट्ट्या. मग शांतता. पुन्हा तीन.

गणू एका सागाखाली गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. आणखी सीताफळे तोडायला तो मागे राहिला होता आणि मग पळत चुकीच्या वाटेला लागला होता. चुकलो हे कळताच तो बसला. ओठ सुकले होते, पण शिट्टी सोडली नव्हती. आम्हाला पाहून तो रडला आणि म्हणाला, "गुरुजी, मी नियम मोडला का?"

आम्ही म्हणालो, "गट सोडलास, तेवढे चुकले. पण पुढचा नियम तू पाळलास, म्हणून सापडलास. मोजायचा नियम आम्ही मोडला."

चौथ्या दिवशी पैनगंगेच्या काठी हातपाय धुऊन परत निघालो. आजोबा निरोप द्यायला आले होते. सगळ्या मुलांनी त्यांना वाकून नमस्कार केला. आम्हीही केला.

गावी आल्यावर पालकांची सभा बोलावली आणि घडले ते सारे सांगितले. झाकले काही नाही. गणूची आई पदराने डोळे पुसत म्हणाली, "गुरुजी, तुम्ही लपवलं असतं तर पुन्ना पाठवलं नसतं. सांगितलं, आता पाठवीन. पण मोजत जावा." त्या बाईने आम्हाला एका वाक्यात जे शिकवले, ते आमच्या साऱ्या नोकरीत कोणी शिकवले नव्हते.

कोणी म्हणेल, एवढी जोखीम घ्यावीच कशाला? आपल्या शेजारची उदाहरणे पाहा. नांदेडला लागून निजामाबाद जिल्हा आहे. तेथल्या शेतमजुराची मुलगी मालावत पूर्णा सरकारी निवासी शाळेत शिकत होती. शाळेकडून तिला डोंगर चढण्याचे शिक्षण मिळाले. २५ मे २०१४ रोजी, तेरा वर्षांची असताना, ती एव्हरेस्टवर पोचली. पुढे २०१८ च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांचे पाच आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टवर गेले. त्यांत मनीषा धुर्वे ही मुलगी होती. ही आपल्यासारख्यांचीच लेकरे. पण ती एकदम एव्हरेस्टवर गेली नाहीत. आधी लहान खडक, मग मोठे डोंगर, महिनोन्‌महिने सराव. धाडस म्हणजे डोळे मिटून उडी नव्हे. नियम पाळून टाकलेले एकेक पाऊल म्हणजे धाडस.

तेव्हा आमचे सांगणे इतकेच. लेकरांना डोंगर दाखवा. मुलींनाही पाठवा. पण शाळेचा कागद घरी आला की तो स्वतः वाचा. बरोबर किती शिक्षक आहेत? बाई शिक्षिका आहेत का? मुक्काम कोठे? वाटाड्या कोण? दवाखाना किती दूर? मोजणी कोण करणार? हे प्रश्न विचारा. चांगल्या गुरुजींना त्याचा राग येणार नाही. उत्तरे मिळाली की मग सही करा.

आता सखूच्या बापाचे सांगायचे राहिले. सभा संपल्यावर तो मागे थांबला. म्हणाला, "गुरुजी, पोरीच्या वहीनं पोरगं सापडलं म्हणत्यात. काय लिवलंय तिनं?" आम्ही वाचून दाखवू लागलो. त्याने हात धरला. म्हणाला, "तुम्ही नका वाचू. मला वाचाय शिकवा."

त्या आठवड्यात तो रात्रीच्या वर्गाला आला. पाटीवर त्याने पहिला शब्द मागून घेतला तो "मोह". दुसरा शब्द "वाट". पुढच्या वर्षी शाळेचे संमतीपत्र आले, तेव्हा त्याने ते दिव्याखाली बसून बोट ठेवत ठेवत वाचले. दोन प्रश्न विचारले. मग खाली सही केली. अक्षर वाकडे होते, पण सही त्याची होती.