पाणी, शाळा आणि आपला आवाज
(हॅम्बर्ग येथील मराठी मेळाव्यातील अध्यक्षीय भाषण)



अध्यक्षपदाचा मान तुम्ही जिल्हा परिषदेच्या एका निवृत्त शिक्षिकेला दिलात. डहाणू तालुक्यातल्या शाळांत माझी सगळी नोकरी झाली, आणि आता लेकीच्या संसारामुळे हॅम्बर्गला येणंजाणं असतं. परदेशातल्या मराठी मेळाव्यात भाषा कशी टिकवायची यावर अध्यक्षांनी बोलावं असा रिवाज आहे. त्यावर उद्या चांगला परिसंवाद ठेवला आहे. मी बोलणार आहे सार्वजनिक नळाबद्दल आणि सार्वजनिक शाळेबद्दल. या दोन्हींबाबत या शहरानं आपल्याला सांगण्यासारखं बरंच सोसलं आहे.

१८९२च्या ऑगस्टमध्ये हॅम्बर्गला कॉलरा आला आणि काही आठवड्यांत साडेआठ हजारांहून जास्त माणसं गेली. त्या वेळी हॅम्बर्ग एल्बे नदीचं पाणी न गाळताच नळाला सोडत असे. शेजारचं अल्टोना, जे आज याच शहराचा भाग आहे, तेव्हा प्रशियाच्या हद्दीतलं वेगळं गाव होतं. ते पाणी घ्यायचं त्याच नदीचं, तेही खालच्या अंगाला, म्हणजे हॅम्बर्गची घाण मिसळल्यानंतरचं. पण ते वाळूच्या थरांतून गाळून घ्यायचं. अल्टोना जवळजवळ वाचलं. दोन गावांची हद्द रस्त्यांच्या मधून जात होती, आणि रोग त्या हद्दीशी येऊन थांबला. आज जिथं तरुण मुलं कॉफी प्यायला बसतात त्या शुल्टरब्लाट रस्त्यावर कामगारांची एक वसाहत होती. जमीन हॅम्बर्गची, पण तिथल्या नळाला पाणी अल्टोनाचं. ती वसाहत सहीसलामत राहिली. रॉबर्ट कॉख यांनी हे नोंदवून ठेवलं आहे. हेच कॉख आठ-नऊ वर्षांपूर्वी कॉलऱ्याचा जंतू शोधत कलकत्त्यापर्यंत जाऊन आले होते. हॅम्बर्गच्या बोळवस्त्या पाहून आपण युरोपात आहोत याचा विसर पडतो, असं ते उद्गारल्याचं सांगतात. म्हणजे गलिच्छपणा हा पूर्वेकडचा आणि स्वच्छता ही पश्चिमेकडची, असं काही नसतं.

मग हॅम्बर्गनं पाणी का गाळलं नव्हतं? हे शहर गरीब नव्हतं, अडाणी नव्हतं. गाळणीची योजना कितीतरी वर्षं चर्चेत होती. पण खर्च कुणी सोसायचा यावर वाद घालणाऱ्या विधानसभेत घरमालकांचं वजन होतं, आणि मतदानाचा हक्क मिळवायचा तर आधी नागरिकत्वाची फी भरावी लागे. गोदीत हमाली करणारा, बोळात एका खोलीत राहणारा माणूस त्या सभागृहात कुठंच नव्हता. रोग आल्यावरही बंदराचा व्यापार बंद पडेल या धास्तीनं पहिले मोलाचे दिवस लोकांना खरं न सांगण्यात गेले. श्रीमंतांच्याही नळाला तेच पाणी येत होतं, पण त्यांच्या स्वयंपाकघरात पाणी उकळून ठेवायला नोकर होते. पुढच्याच वर्षी, १८९३ला, गाळणी सुरू झाली. १८९६मध्ये नागरिकत्वाची फी गेली आणि मतदार वाढले, तरी उत्पन्नाची अट राहिलीच. वाळूच्या थरासाठी साडेआठ हजार माणसांची किंमत मोजावी लागली.

हे मी तुम्हाला इतिहास म्हणून सांगत नाही. २०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गिलन-बारी सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकामागून एक दवाखान्यात येऊ लागले, आणि संशय पाण्यावर गेला. नांदेड, किरकटवाडी ही तिथली गावं २०२१मध्ये महापालिकेत घेतली गेली होती. खडकवासला धरण त्यांच्या उशाशी आहे, पण त्यांना मिळणारं पाणी शुद्धीकरण केंद्रातून येत नव्हतं. विहिरीत सोडायचं, क्लोरिन टाकायचं आणि पुढं पाठवायचं. गावं हद्दीत आली, घरपट्टी आली, गाळणी मात्र आली नाही. ज्यांना परवडतं त्यांनी घरात पाण्याचं यंत्र बसवलं, सोसायटीनं टँकर लावला. आणि ज्यांचा आवाज महापालिकेत ऐकला गेला असता, तेच सार्वजनिक नळापासून बाजूला झाले. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीभोवती आहे. शिकली-सवरलेली, बोलू शकणारी माणसं एखादी सार्वजनिक सोय सोडून जातात, तेव्हा ती सोय फक्त रिकामी होत नाही, तिची वकिली करणारंच कुणी उरत नाही.

शाळेचं नेमकं हेच झालं. माझ्या तरुणपणी तालुक्याच्या गावात तलाठ्याची, डॉक्टरांची, वाण्याची मुलं जिल्हा परिषदेच्या शाळेत असत. वर्गाचं छप्पर गळलं की दुसऱ्या दिवशी दोन-चार पालक पंचायत समितीत जाऊन उभे राहत. ती मुलं हळूहळू बसनं खासगी शाळेत जायला लागली. मग छप्पर गळलं तर मी अर्ज करायची, आणि माझा अर्ज फाइलला लागायचा.

इथं हॅम्बर्गमध्ये मूल साडेचार वर्षांचं झालं की जवळच्या सरकारी प्राथमिक शाळेत त्याला भेटीला न्यावं लागतं. माझ्या नातीला घेऊन आम्ही गेलो. बाईंनी तिच्यापुढं शेताचं चित्र ठेवलं, कात्री दिली, एका पायावर उभं राहायला सांगितलं, तिच्या आईला विचारलं की घरी गोष्टी सांगता का, कोणत्या भाषेत. बापाचा पगार विचारला नाही, देणगी विचारली नाही. आमच्याआधी एक अफगाण आई आत गेली होती. तिचा मुलगा जर्मनमध्ये एक शब्द बोलला नाही. अशा मुलाला पहिलीच्या आधी एक वर्ष शाळेच्या पूर्वतयारी वर्गात बसणं सक्तीचं असतं आणि त्या वर्षाची फी नसते. रोजचे पाच तास पाळणाघर आणि दुपारचं जेवण इथं २०१४पासून मोफत आहे. हे तुम्ही सगळे रोज अनुभवता. तुमच्यापैकी विमानाच्या कारखान्यात डिझाइन करणारा इंजिनिअर असो की बंदरातल्या ऑफिसात बसणारा, तुमचं मूल घराजवळच्या सरकारी शाळेत चालत जातं, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

पण या शहराचीही दुसरी बाजू आहे. चौथीनंतरच मुलांची वाट वेगळी करण्याऐवजी सहावीपर्यंत सगळ्यांनी एकत्र शिकावं, असा कायदा इथं झाला होता. विधानसभेतले सगळे पक्ष त्याच्या बाजूनं होते. १८ जुलै २०१० रोजी त्यावर जनमत घेतलं गेलं आणि कायदा पडला. विरोधाची मोहीम सुस्थितीतल्या पालकांनी चालवली. त्यांच्या वस्त्यांत मतदान भरघोस झालं, कामगार वस्त्यांत फार थोडं. आणि ज्या परदेशी आईबापांच्या मुलांना याचा सर्वांत जास्त उपयोग झाला असता, त्यांना जर्मन नागरिकत्व नसल्यानं मतच नव्हतं. त्याच वर्षी १ एप्रिलला आपल्याकडे शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि खासगी शाळांतल्या पंचवीस टक्के जागा वंचित मुलांसाठी आल्या. २०२४च्या फेब्रुवारीत राज्य सरकारनं नियम बदलून त्याला मोठं भगदाड पाडलं. जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयानं जुलैमध्ये तो बदल रद्द केला. न्यायालयात गेले ते मोजके कार्यकर्ते आणि पालक. आपली मोठमोठी मंडळं, आपली साहित्य संमेलनं या प्रश्नावर बोलली नाहीत, याचं मला आजही वाईट वाटतं.

बालशिक्षणाचा आणि हॅम्बर्गचा एक जुना धागा आहे, तो सांगायलाच हवा. बालोद्यानाची कल्पना मांडणाऱ्या फ्रोबेल यांना १८४९च्या हिवाळ्यात या शहरातल्या बायकांनी बोलावून घेतलं होतं. दोनच वर्षांत प्रशियानं बालोद्यानांवर बंदी घातली. पण याच शहरातल्या मायर घराण्यातल्या दोन बहिणींनी ती कल्पना लंडनला आणि अमेरिकेला नेली. आमच्या भागात हे काम ताराबाई मोडकांनी १९४५मध्ये बोर्डीला मांडलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर उभ्या राहिल्या आणि १९५७मध्ये दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. त्यांचं मोठेपण मला त्यांच्या साध्या हिशेबात दिसतं. वारली मुलगी शाळेत का येत नाही? तिच्या कडेवर लहान भाऊ असतो म्हणून. मग शाळेच्या आवारातच पाळणाघर आणि बालवाडी हवी. मुलगा का येत नाही? गुरं राखायला जातो म्हणून. मग शाळा कुरणात भरवायची. पाऊस लागला की माझ्या वर्गाचा पट अर्ध्यावर यायचा, तेव्हा मी या दोघींचंच काम डोळ्यांसमोर ठेवून वस्तीवर जायची.

आता उलटा प्रवास चालू आहे. २०२३पासून वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायच्या, असं सरकारच्या मनात आहे. पानशेत आणि तोरणमाळची उदाहरणं पुढं केली जातात. अशा छोट्या शाळा तेव्हा राज्यात सुमारे पंधरा हजार होत्या. मुलांना बस मिळेल, असं सांगतात. डोंगरातल्या पाड्यावर आठवड्याला किती दिवस बस पोचते ते मी पाहिलेलं आहे. बस चुकली तर मुलगा चालत जाईल, मुलगी घरी राहील. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी, असं शिक्षण हक्काचे नियम सांगतात. ते कागदावर राहू द्यायचे नाहीत.

याची बातमी कोण करणार? हॅम्बर्ग हे वृत्तपत्रांचं शहर आहे. १९६२मध्ये ‘श्पीगेल’ या साप्ताहिकाच्या कचेरीचा पोलिसांनी ताबा घेतला, तेव्हा त्याच इमारतीतल्या दुसऱ्या पत्रांच्या संपादकांनी आपल्या खोल्या ‘श्पीगेल’च्या पत्रकारांना दिल्या. आपल्या मराठी पत्रांकडून मला दहावीच्या निकालादिवशी पेढे भरवतानाचे फोटो नकोत. बंद पडणाऱ्या एका शाळेपर्यंत जिल्हा वार्ताहर चालत गेला, असा एक कॉलम हवा. तुम्ही इथं बसून त्या पत्रांची पोर्टल वाचता, संपादकांना पत्र लिहा. तुमची पत्रं ते बाजूला टाकत नाहीत.

आणि देणग्या द्याच, पण सभागृहावर नाव कोरण्यासाठी नको. गावातल्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्या समितीला विचारा, काय हवं आहे. ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे त्यांनी माहितीच्या अधिकारात तालुक्याकडे विचारा, कोणत्या शाळा बंद करायच्या यादीत आहेत.

या मेळाव्याच्या शेवटी खुलं अधिवेशन आहे. तिथं मला एक ठराव मांडायचा आहे : महाराष्ट्रातली वीसपेक्षा कमी पटाची एकही शाळा त्या पाड्यातल्या पालकांच्या लेखी संमतीशिवाय बंद करू नये, आणि ही मागणी मेळावा भरवणाऱ्या मंडळानं शालेय शिक्षणमंत्र्यांकडे सही-शिक्क्यानिशी पाठवावी. सूचक म्हणून माझं नाव लिहून घ्या. अनुमोदक तुमच्यातला हवा, आणि शक्य असेल तर ज्याचं मूल उद्या सकाळी इथल्या सरकारी शाळेत चालत जाणार आहे असा हवा.